रंगाचा लोप आणि द्रव्याचा हिशेब

(स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड माझ्यावरच सोपविली, तेव्हा ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन शहरांच्या अर्थजीवनाशी ज्याचा निकट संबंध आहे, परंतु ज्याविषयी याच शहरांतील सुशिक्षित नागरिकांमध्येही फारशी माहिती आढळत नाही, असा एखादा रासायनिक विषय घ्यावा, असे मी मनाशी ठरविले. आणि ज्या शिक्षकांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी विज्ञान मराठीतून सांगण्याचा जो आग्रह जन्मभर धरला, त्याला साजेसा विषय म्हणून ट्रायअरिल मिथेन या कुळातील कृत्रिम रंजकद्रव्ये मी आज आपणापुढे मांडीत आहे.

नाव अपरिचित असले, तरी द्रव्ये परिचयाची आहेत. कचेरीतील रबरी शिक्क्याची जांभळी शाई, टंकलेखकाच्या कार्बन कागदाचा निळसर जांभळा थर, तोंड आले असता लहान मुलाच्या जिभेला लावावयाचे जांभळे औषध, क्षयाच्या संशयाने तपासावयाच्या थुंकीच्या काचपट्टीवरील लाल रंग, शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कलीचा थेंब पडताच गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलिन, आणि बाजारातील वाटाण्याच्या संशयास्पद हिरवेपणामागे कधीकधी दडलेले मॅलाकाइट ग्रीन, ही सर्व द्रव्ये एकाच कुळातील आहेत. त्यांचे उपयोग एकमेकांपासून इतके दूर आहेत की, त्यांच्यात काही नाते असेल अशी शंकाही सहसा येऊ नये. तथापि ते नाते आहे, आणि ते समजून घेतले असता आपल्या नाल्यांतून व खाडीतून वाहणाऱ्या पाण्याविषयी काही महत्त्वाचे प्रश्न विचारण्याची पात्रता आपल्या अंगी येते, असा माझा विश्वास आहे. आजच्या विवेचनाचे सूत्र आरंभीच सांगून ठेवतो: या कुळातील रंजकांना रंगहीन रूपेही असतात; म्हणून रंग डोळ्यांना दिसेनासा झाला, एवढ्यावरून ते द्रव्य नाहीसे झाले असे ठरत नाही.

घडण

शास्त्राची परिभाषा शक्य तितकी टाळून सांगावयाचे, तर मध्यभागी कार्बनचा एक अणू, आणि त्याला तीन बाजूंनी जोडलेली, प्रत्येकी सहा कार्बन अणूंची, बेंझिनच्या जातीची तीन वलये, अशी या कुळाची मूळ घडण आहे. ही वलये एका पातळीत सपाट राहात नाहीत; छताच्या पंख्याच्या पात्यांप्रमाणे ती किंचित पिळलेली असतात. वलयांच्या बाहेरच्या टोकांना नायट्रोजनयुक्त गट जोडलेले असले, म्हणजे मध्यवर्ती कार्बनवरील धन विद्युत्भार त्या एकट्या अणूच्या माथी न राहता वलयांमधून थेट नायट्रोजनपर्यंत पसरतो, आणि इलेक्ट्रॉनांच्या या विस्तीर्ण व्यवस्थेमुळे तो रेणू दृश्य प्रकाशाचा ठराविक भाग मोठ्या आवेगाने शोषून घेतो. मॅलाकाइट ग्रीनमध्ये दोन वलयांना डायमिथिल अमिनो गट असतो व तिसरे वलय उघडे असते. ते सुमारे ६२० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शोषते आणि म्हणून हिरवे दिसते. त्या उघड्या वलयालाही तोच गट जोडला, तर शोषण सुमारे ५९० नॅनोमीटरपाशी सरकते आणि क्रिस्टल व्हायोलेट हे गडद जांभळे द्रव्य मिळते. हिरव्या आणि जांभळ्यामध्ये जे अंतर आपल्या डोळ्यांना एवढे मोठे भासते, ते रेणूच्या दृष्टीने एका लहानशा गटाचे अंतर होय.

आता याच रेणूचे क्षपण करून मध्यवर्ती कार्बनला हायड्रोजनचा एक अणू जोडला, की तिन्ही वलयांमधील इलेक्ट्रॉनांचे दळणवळण त्या ठिकाणी खंडित होते आणि रंग लोपतो. या रंगहीन रूपाला ल्यूको म्हणतात, आणि रंगाच्या कारखान्यांतही हेच नाव रूढ आहे. पुरेशी तीव्र अल्कली मिळाली, तर हायड्रोजनाऐवजी हायड्रॉक्सिल गट त्या जागी येऊन बसतो आणि तरीही रंग जातो. दोन्ही प्रसंगी रेणूतील एकही कार्बन अणू कमी झालेला नसतो, एकही वलय फुटलेले नसते. ऑक्सिडीकरण करणारे द्रव्य ल्यूको रूपाला, किंवा आम्ल दुसऱ्या रूपाला भेटले, की रंग परत येतो. हा एवढा एक गुणधर्म नीट ध्यानात ठेवला, तर पुढील सर्व कथा त्यातून उलगडत जाते.

जन्मकथा

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८५६ साली, लंडनमध्ये विल्यम पर्किन या तरुणाने डांबरापासून निघालेल्या अनिलिनमधून पहिले यशस्वी कृत्रिम रंजक सिद्ध केले. ते वेगळ्या कुळातील होते; परंतु त्याने दाखविलेल्या वाटेवर तीनच वर्षांनी फ्रान्समधील लियाँ शहरी व्हेरगॅं याने अनिलिनवर स्टॅनिक क्लोराइडची क्रिया करून तो झगझगीत किरमिजी रंग काढला, जो फुकसिन किंवा मॅजेंटा या नावाने रेशमाच्या बाजारात पसरला. आपल्या कुळाचा मूळपुरुष तो हाच. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान याने असे दाखविले की, अगदी शुद्ध अनिलिनपासून हा रंग होतच नाही. त्यात टोल्युइडिनाची भेसळ असावी लागते. ज्या अशुद्धतेला कारखानदार दोष समजत होते, तीच रंगाच्या जन्माचे कारण होती.

तरीही या द्रव्याची अंतर्गत घडण जवळजवळ दोन दशके गूढच राहिली. १८७८ साली एमिल फिशर आणि त्याचा चुलतभाऊ ओटो फिशर यांनी ते गूढ उकलले. त्यांनी रंजकाला प्रथम रंगहीन केले, त्या ल्यूको रूपातील अमिनो गट काढून टाकले, आणि शेवटी हाती आला तो ट्रायफिनिल मिथेन हा साधा पांढरा हायड्रोकार्बन. रंगाचे स्वरूप रंग काढून टाकल्यावरच कळले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. त्याच सुमारास ओटो फिशर याने मॅलाकाइट ग्रीन तयार केले, आणि १८८३ साली आल्फ्रेड केर्न व हाइन्रिख कारो यांच्या परिश्रमातून क्रिस्टल व्हायोलेट सिद्ध झाले.

या वैभवाच्या पोटातच पहिला इशाराही होता. आरंभीच्या काळात मॅजेंटा करण्यासाठी आर्सेनिक आम्ल सर्रास वापरले जाई. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात, १८६४ च्या सुमारास, अशा एका कारखान्याशेजारच्या विहिरींत आर्सेनिक उतरले, माणसे आजारी पडली, आणि कारखानदाराला न्यायालयात जबाबदार धरण्यात आले. लोकांना अपाय झाला तो डोळ्यांत भरणाऱ्या किरमिजी रंगामुळे नव्हे, तर त्याच्यासोबत जमिनीत मुरलेल्या, स्वतःचा रंग नसलेल्या विषामुळे. कृत्रिम रंगांच्या उद्योगाला दशकही लोटले नव्हते, तोच हा धडा त्याच्या दप्तरी लिहिला गेला होता.

आपल्या प्रदेशातील उद्योग

आपल्या देशात आल, मंजिष्ठ, कुसुंबा आणि नीळ यांची परंपरा मोठी. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायती डब्यांतून येणाऱ्या अनिलिन रंगांनी रंगाऱ्यांची भट्टी हळूहळू काबीज केली. रेशीम, लोकर आणि ताग यांना ही रंजके सरळ धरतात. कापसाला मात्र ती धरत नाहीत. त्यासाठी सूत आधी टॅनिनमध्ये बुडवून घ्यावे लागे, आणि हे टॅनिन देणारा हिरडा आपल्या सह्याद्रीच्या रानांतून विपुल मिळत असे. परदेशी प्रयोगशाळेत जन्मलेल्या रंगाला येथील सुतावर बसविण्यासाठी येथील झाडाच्या फळाची मध्यस्थी लागत होती.

स्वदेशी रंजक-उद्योगाचा शास्त्रीय पाया घातला गेला तो मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात. १९३३ साली स्थापन झालेल्या या विभागाची सूत्रे १९३८ मध्ये डॉ. के. वेंकटरामन यांच्याकडे आली. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंजकांच्या रसायनावरील त्यांचा ग्रंथ १९५२ पासून जगभर प्रमाण मानला गेला. त्यांच्या विद्यार्थिपरंपरेतील अनेकांनी मुंबईच्या परिघावरील कारखान्यांत काम केले, आणि तो परिघ म्हणजे बहुतांशी आपला ठाणे जिल्हा होता.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत कल्याणच्या बाजूस अमर डाय-केम आणि इंडियन डायस्टफ इंडस्ट्रीज, ठाण्यास बाळकुमला कलर-केम आणि कोलशेतला सँडोझ, असे कारखाने उभे राहिले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत ही नावे मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आली. या सर्व ठिकाणी आजच्या विषयातील रंजकेच होत असत, असे मला सुचवावयाचे नाही; देशात अझो व व्हॅट रंगांचे उत्पादन नेहमीच मोठे राहिले. परंतु रंजकाची बॅच कशी लावतात, फिल्टर प्रेसमधून केक कसा काढतात, तो ड्रायरमध्ये किती तापवितात, याचे ज्ञान या कारखान्यांमुळे हजारो कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग झाले, हे निर्विवाद होय. कोलशेत-बाळकुमच्या परिसरात आज उंच निवासी इमारती उभ्या आहेत. पूर्वीच्या उद्योगाची स्मृती तेथे वेगाने पुसली जात आहे, आणि म्हणूनच ती शब्दांत जतन करणे हे आपले कर्तव्य ठरते.

निर्मितीची रीत थोडक्यात सांगतो. मॅलाकाइट ग्रीनसाठी बेंझाल्डिहाइडचा एक आणि डायमिथिल अनिलिनचे दोन रेणू आम्लाच्या साह्याने जोडतात. त्यातून प्रथम हाती येते ते रंगहीन ल्यूको रूप. मग लेड डायऑक्साइडसारख्या द्रव्याने त्याचे ऑक्सिडीकरण केले, की हिरवा रंग प्रकट होतो. आणि या रीतीत शिसे कोठेतरी गाळात जाऊन बसते. क्रिस्टल व्हायोलेटसाठी मिश्लर कीटोन हे मध्यस्थ द्रव्य लागते. मेथिल व्हायोलेट हे त्याचे भावंड तर डायमिथिल अनिलिन, फिनॉल, मीठ आणि मोरचूद यांच्या मिश्रणावर हवेची क्रिया होऊ देऊनही करता येते, आणि तेथे तांब्याचा हिशेब ठेवावा लागतो. तयार मालाच्या डब्यावर फक्त रंगाचे नाव असते. शिसे, तांबे, मीठ आणि उरलेली अमाइने यांची नोंद त्या डब्यावर नसते. ती सर्व कारखान्यात मागे राहतात.

उपयोग

कापडाच्या बाबतीत या कुळाचे वैभव फार काळ टिकले नाही. हे रंग अतिशय तेजस्वी असले, तरी उन्हाला दुबळे आहेत. सूर्यप्रकाशात ते लवकर विटतात. म्हणून पक्क्या रंगांचा शोध लागताच ते कापडाकडून कागदाकडे, शाईकडे आणि प्रयोगशाळेकडे वळले. थोड्याशा द्रव्यात पुष्कळ रंग देण्याचा गुण शाईच्या उद्योगाला विशेष मानवला. मामलेदार कचेरीतील नकलेची जांभळी प्रत, न पुसणारी कॉपिंग पेन्सिल, टंकयंत्राची फीत, शिक्क्याचे पॅड, आणि पुढे बॉलपेनची निळी शाई, या सर्वांनी मेथिल व्हायोलेट आणि त्याच्या भाऊबंदांचा आश्रय घेतला. आपल्या राज्यकारभाराची कित्येक दशकांची हुकूमपत्रे, दाखले, फेरफार आणि पंचनामे या रंगाने मुद्रांकित झाले आहेत. अभिलेखागारांनी उन्हाची तिरीपही आत येऊ देऊ नये, यालाही हेच एक कारण आहे.

याहून मोलाचा उपयोग वैद्यकाने केला. १८८४ साली बर्लिनमध्ये हान्स क्रिस्टियन ग्राम याने जंतू रंगविण्याची जी पद्धत शोधली, ती आजही रोगनिदान प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. काचपट्टीवर क्रिस्टल व्हायोलेट व मग आयोडीन घालून अल्कोहोलने धुतले असता काही जंतू जांभळे राहतात, काहींचा रंग निघून जातो. या एका भेदावरून जंतूंची दोन मोठ्या वर्गांत विभागणी होते आणि औषधयोजनेची दिशा ठरते. आपल्या देशाच्या दृष्टीने तर फुकसिनचे ऋण विशेष मोठे आहे. त्सील आणि नीलसेन यांच्या पद्धतीत थुंकीच्या काचपट्टीवर कार्बॉल-फुकसिन ओतून तिला ऊब देतात, मग आम्लाने ती धुतात, आणि शेवटी मेथिलीन ब्लू लावतात. इतर सारे आम्लाने रंग सोडून निळे होते; क्षयाचा जंतू मात्र आपल्या मेणचट आवरणात तो किरमिजी रंग धरून ठेवतो आणि निळ्या भूमीवर बारीक लाल काडीसारखा दिसतो. १९६२ साली राष्ट्रीय क्षय कार्यक्रम सुरू झाल्यापासून, तालुक्यातालुक्यातील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, जेथे वीज व महागडी यंत्रे दुर्मीळ होती तेथेही, असंख्य रोग्यांचे निदान या रंगाने केले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समधील रेशमाची शोभा वाढविण्यासाठी जन्मलेल्या द्रव्याने गरिबाच्या खोकल्याचा खुलासा करावा, यापेक्षा रसायनशास्त्राची अधिक सार्थक सेवा मला ठाऊक नाही.

पाण्याच्या परीक्षेतही हे कूळ उपयोगी पडते. ब्रिलियंट ग्रीन घातलेल्या पित्तयुक्त द्रवात, अन्य जंतूंची वाढ दबून, मैलापाण्याची साक्ष देणारे कॉलिफॉर्म जंतू ओळखू येतात. कुळातील काही सदस्य तर अन्नातही कायद्याने संमत आहेत: आपल्या देशात परवानगी असलेल्या आठ कृत्रिम खाद्यरंगांपैकी ब्रिलियंट ब्लू एफसीएफ आणि फास्ट ग्रीन एफसीएफ हे दोन ट्रायअरिल मिथेनच आहेत. त्यांच्या वलयांना सल्फोनिक गट जोडलेले असल्यामुळे त्यांच्यावर ऋण भार असतो, आतड्यातून ते फारच अल्प प्रमाणात शोषले जातात आणि बहुतेक तसेच बाहेर पडतात. तोच सांगाडा, पण विद्युत्भार पालटला की शरीराशी असलेले त्याचे नाते पालटते. म्हणून समग्र कुळाला दोषी ठरविणे जितके चुकीचे, तितकेच समग्र कुळाला निर्दोष समजणे चुकीचे.

रंगहीन रूपाची साक्ष

ज्या रंगहीन रूपाविषयी मी आरंभी बोललो, त्याचाही शास्त्रज्ञांनी मोठ्या कुशलतेने उपयोग करून घेतला आहे. १८६६ साली ह्यूगो शिफ याने गंधकाम्लाच्या दुर्बल भावंडाने, म्हणजे सल्फ्यूरस आम्लाने, फुकसिन रंगहीन केले, आणि अल्डिहाइड मिळताच त्याला पुन्हा रंग चढतो हे दाखविले. त्याच तत्त्वावर फॉयलगेन याने १९२४ साली पेशीच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्य रंगवून डोळ्यांपुढे आणले. गुन्हातपासणीत ल्यूको-मॅलाकाइट ग्रीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड संशयित डागावर टाकतात. डाग रक्ताचा असण्याचा संभव असेल, तर हिरवा रंग उमटतो. कार्बन कागद न घालता एकाच वेळी अनेक प्रती निघणाऱ्या पावतीपुस्तकांत, कागदाच्या पाठीवर, सूक्ष्म कुप्यांत बंद असलेले, क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन हे रंगहीन द्रव्य असते. लेखणीच्या दाबाने कुप्या फुटतात, ते खालच्या कागदावरील आम्लधर्मी मातीला भेटते आणि अक्षर उमटते. लाच घेणाऱ्यास पकडण्यासाठी देशात अनेक ठिकाणी नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची भुकटी चोळतात. आरोपीचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडविताच ते पाणी गुलाबी होते, ते बाटलीत मोहोरबंद करून पंचांच्या समक्ष मुद्देमालात दाखल होते.

या सर्व प्रसंगांत एकच बोध आहे. रंगहीन द्रव्य तेथे हजर होते, फक्त बोलत नव्हते. योग्य प्रश्न विचारताच ते बोलू लागले. न्यायालये, पोलीस आणि पावतीपुस्तक छापणारे हे जाणतात. आपल्या पाण्याविषयी मात्र आपण हा बोध विसरतो.

अपाय

या रंजकांचा मुख्य गुण म्हणजे चिकटणे. धन विद्युत्भारामुळे ती रेशमाच्या तंतूला, जंतूच्या आवरणाला, कागदाला घट्ट धरतात. आणि याच गुणामुळे ती माशाच्या कल्ल्याला, कामगाराच्या त्वचेला व शरीरातील ऊतींनाही धरतात. गुण आणि दोष येथे वेगळे नाहीत. १८९५ साली फ्रँकफुर्टचा शल्यवैद्य लुडविग रेन याने फुकसिनच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याची नोंद केली, आणि मॅजेंटा निर्मितीच्या कामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चितपणे कर्करोगजनक व्यवसायांत गणले आहे. या व्यवसायातील कामगाराच्या आरोग्याची नोंद तो निवृत्त झाल्यानंतरही ठेवली जावी, कारण असा रोग उद्भवण्यास अनेक वर्षे लागतात, हे कोणत्याही रंगनगरीने कधी विसरता कामा नये.

मॅलाकाइट ग्रीनची गोष्ट आजच्या सूत्राशी थेट जोडलेली आहे. माशांवरील बुरशीचा उपाय म्हणून १९३० च्या दशकापासून ते मत्स्यपालनात वापरले गेले. माशाच्या शरीरात त्याचे क्षपण होऊन ते ल्यूको रूपात जाते. हे रूप मेदात विरघळते आणि मूळ हिरव्या द्रव्याहून कितीतरी अधिक काळ माशाच्या मांसात राहते. माशाचे मांस पांढरेच दिसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२१ साली पुराव्यांची छाननी केली, तेव्हा हिरव्या मॅलाकाइट ग्रीनविषयी निर्णय देण्याइतका पुरावा नाही असे ठरले. त्याच्या रंगहीन ल्यूको रूपाला मात्र मानवात संभाव्य कर्करोगजनक द्रव्यांच्या वर्गात घालण्यात आले. जे दिसते त्याहून जे दिसत नाही ते अधिक संशयास्पद ठरले. खाद्य माशांसाठी मॅलाकाइट ग्रीनचा वापर अनेक देशांनी निषिद्ध केला आहे.

भाजीबाजारातील प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण तेथे रंग दिसतो. भेंडी, मिरची, वाटाणा यांना मॅलाकाइट ग्रीन लावणे हा उघड गुन्हा आहे, आणि त्याची परीक्षा घरीही होते: लिक्विड पॅराफिनमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा भाजीच्या सालीवर चोळावा, बोळा हिरवा झाला, तर ती भाजी परत करावी आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवावी. प्रत्येक गृहिणीने आणि बाजारात जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाने ही परीक्षा शिकून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपले पाणी

आता डोंबिवलीकडे वळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे जे मूल्यमापन केले, त्यात डोंबिवलीला ७८.४१ इतके गुण मिळाले. ७० च्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित क्षेत्र. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याची वार्ता देशभर गेली, आणि २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झालेला लोकांनी पाहिला. दोन्ही वेळा जो क्षोभ उसळला तो न्याय्य होता, आणि त्याने शासनाला हालविले, हेही खरे. परंतु माझ्या मनात तेव्हापासून एक चिंता घर करून आहे. हिरवा पाऊस आणि गुलाबी रस्ता हे तक्रारीचे विषय झाले, कारण ते दिसले. ज्या दिवशी पाऊस साध्या रंगाचा आणि रस्ता काळा असतो, त्या दिवशी आपण निश्चिंत होतो. आणि प्रदूषण करणाऱ्याने यातून एवढाच अर्थ काढला की रंग दिसता कामा नये, तर त्याला तसे करण्याचे अनेक सुलभ मार्ग रसायनशास्त्राने उपलब्ध करून दिले आहेत.

सांडपाण्यात चुना घालून ते तीव्र अल्कधर्मी केले, की ट्रायअरिल मिथेनाचा रंग मावळत जातो. खाडीत जाऊन पाणी पुन्हा उदासीन झाले, की तो परतण्याची शक्यता उरतेच. क्षपण करणारे द्रव्य घातले, की ल्यूको रूप तयार होते. क्लोरीनयुक्त द्रव्याने रंग मोडला, तर क्लोरीन जोडलेले नवे तुकडे मागे राहू शकतात. सक्रिय कार्बनावर शोषून घेतले, तर पाणी स्वच्छ होते खरे, पण सारा भार गाळावर जातो. यांतील काही उपाय शुद्धीकरणाच्या साखळीतील आवश्यक पायऱ्या आहेत, याविषयी वाद नाही. परंतु रेणूचे पूर्ण विघटन होऊन त्यातील कार्बन अखेर कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत काम पुरे झाले, असे म्हणता येत नाही.

सबब, उल्हास नदी, वालधुनी आणि कल्याणची खाडी यांच्या काठी राहणाऱ्या आपण नागरिकांनी रंगहीन सांडपाण्यालाही तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. पहिला, रंग गेला त्याच प्रमाणात पाण्यातील सेंद्रिय भार, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, उतरली काय? रंग पूर्ण गेला आणि ही मागणी होती तेथेच राहिली, तर द्रव्य केवळ लपले आहे. दुसरा, त्या पाण्यात जीव तगतो काय? आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांतच अशी कसोटी आहे की, पाणी न मिसळलेल्या शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. ही कसोटी कागदावर न राहता प्रत्यक्ष केली जाते काय, आणि तिचे निष्कर्ष लोकांना मिळतात काय, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. तिसरा, गाळ कोठे गेला? १९७४ च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ जे संमतिपत्र देते, त्याच्या अटी आणि धोकादायक कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदी ताळ्यावर बसतात काय, हा हिशेब वर्षातून एकदा तरी जाहीरपणे मांडला गेला पाहिजे.

अशा तपासणीला मोठा खर्च लागत नाही. ठाण्याचे बांदोडकर, कल्याणचे बिर्ला आणि डोंबिवलीचे पेंढरकर, अशी महाविद्यालये आपल्या शहरांत आहेत. रंगहीन दिसणाऱ्या पाण्याचा नमुना घेऊन त्याचा अर्क काढणे, तो आम्लधर्मी करून त्यावर ऑक्सिडीकरण करणारे द्रव्य घालणे आणि वर्णपटमापकात ६२० व ५९० नॅनोमीटरपाशी रंग परतला की नाही हे पाहणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातला प्रयोग आहे. रंग परतला, तर रंजकाचे रंगहीन रूप तेथे होते, हे पुराव्याने म्हणता येईल. परतला नाही, तर त्या कारखानदाराचेही तितक्याच मोकळेपणाने अभिनंदन करता येईल. कारण चांगले काम करणाऱ्याला लोकांच्या संशयापासून मुक्त करणे, हाही याच हिशेबाचा भाग होय.

ज्या कुळाच्या एका रंगाने क्षयाचा जंतू ओळखून दिला, त्याच कुळाच्या रंगहीन रूपाकडे दुर्लक्ष करून आपण नदी दूषित होऊ द्यावी, हे रसायनशास्त्राला शोभणारे नाही आणि रसायनावर पोट भरणाऱ्या आपल्या शहरांनाही शोभणारे नाही. कारखाने राहोत, रोजगार राहो, परंतु कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक द्रव्याची, ते दिसो वा न दिसो, लेखी जबाबदारी कोणावर तरी असलीच पाहिजे. येत्या वर्षी या व्याख्यानमालेच्या वतीने तिन्ही शहरांतील महाविद्यालयांना असे नमुने तपासण्याची विनंती करावी आणि त्यांचे निष्कर्ष याच व्यासपीठावरून वाचले जावेत, असा प्रस्ताव मी चालकांपुढे ठेवतो.